शाल टाचण्यांनी नाही, पाण्याने बसते

ग्वाल्हेरची थंडी ज्यांनी काढलीय त्यांना वेगळं सांगायला नको, जानेवारीत पहाटे पारा पाच-सहा अंशांवर येतो आणि नुसत्या कोटाने खांद्यांचं भागत नाही. म्हणून यंदा कोटावरून घेता येईल अशी जाळीची लोकरी शाल विणली. दोन महिने लागले, आणि सुयांवरून उतरवली तर इतकी आक्रसलेली की शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, हा तर मफलर झाला!" म्हटलं अजून ब्लॉकिंग राहिलंय, ओली करून टाचण्यांनी ताणून वाळवायचीय. तर म्हणाल्या, टाचण्या काढल्या की परत होती तशीच होणार. नाही होत काकू, आणि का नाही होत ते मला इतकं आवडतं की लिहायलाच बसले.

लोकर म्हणजे केराटिन, आपल्या केसांचं-नखांचं जे प्रोटीन तेच. त्याचे लांबलचक रेणू स्प्रिंगसारखे वळलेले असतात. १९३०च्या दशकात इंग्लंडमधल्या लीड्सला ॲस्टबरी या शास्त्रज्ञाने क्ष-किरणांनी दाखवलं की लोकर ताणली की रेणूंची ही घडण उलगडते. या रेणूंना जागेवर धरून ठेवणाऱ्या मुख्य पकडी दोन. एक गंधकाची, म्हणजे डायसल्फाइड बंध, ती भक्कम. दुसरी हायड्रोजन बंधांची, एकेक बंध अगदी नाजूक पण संख्येने प्रचंड. पाण्याचे रेणू स्वतःच हायड्रोजन बंध जुळवण्यात पटाईत, ते धाग्यात शिरले की मधे घुसून या पकडी सोडवतात. गंधकाचे बंध तसेच राहतात. आता ओली शाल ताणून टाचण्या लावल्या की टाके उघडतात, वळलेले तंतू सरळ होतात, आणि पाणी उडून जाताना रेणू जिथे असतील तिथेच नवे बंध जुळतात. टाचण्या नुसत्या धरून ठेवतात, गाठ मारतं ते जाणारं पाणी. ओल्या केसांची वेणी घालून झोपलं की सकाळी लाटा पडतात ना, अगदी तेच.

याच्या मागे अजून एक गोष्ट आहे, ग्लास ट्रान्झिशन. असे लांबलचक रेणूंचे पदार्थ, म्हणजे पॉलिमर, साधारणपणे एका ठराविक तापमानाखाली काचेसारखे ताठ असतात आणि त्याच्या वर रबरासारखे मऊ. कोरड्या लोकरीचं हे तापमान १७० अंशांच्या आसपास, पण पूर्ण भिजलेल्या लोकरीचं शून्याच्याही खाली जातं! म्हणजे कोमट पाण्यात लोकर मऊ होते आणि खोलीचं तापमान जराही न बदलता, नुसती वाळत जाताना, परत ताठ होते. इस्त्रीची गरजच नाही.

म्हणूनच ॲक्रिलिकची, म्हणजे कृत्रिम धाग्याची, शाल अशी बसत नाही. ते पाणी जवळजवळ पितच नाही, ते वाफेनेच मऊ होतं आणि वाफ जास्त झाली की कायमचं लुळं पडतं. बाजारात ॲक्रिलिकलाही सर्रास वूल म्हणतात, तेव्हा धाग्याचं टोक जाळून बघा, लोकरीला जळक्या केसांचा वास येतो आणि राख चुरगळते, ॲक्रिलिक वितळून कडक मणी होतो. मागे एका प्रदर्शनात गुडघेदुखी घालवणारी चुंबकीय शाल विकत होते, कृपा करून अशा गोष्टींवर पैसे घालवू नका. शालीची ऊब तिच्यात अडकलेल्या हवेची असते, आणि लोकर हवेतली वाफ शोषते तेव्हा थोडी उष्णता खरोखर सुटते, ती.

तर मी अर्धा तास कोमट पाण्यात भिजवली, पिळली नाही, टॉवेलात गुंडाळून दाबली (गरम पाण्यात चोळलंत तर तंतूंवरचे खवले एकमेकांत अडकून नमदा होतो, तो काही केल्या सुटत नाही), मग गादीवर चादर घालून न गंजणाऱ्या टाचण्या लावल्या. दोन दिवसांनी काढली, सव्वा मीटरची दीड मीटर झाली होती आणि जाळीतली पानं न् पानं दिसत होती. काकूंनी दोनदा मोजली.

पण हायड्रोजन बंध पाण्याने जुळले तसे पाण्याने सुटतातही. कायमचा आकार हवा तर गंधकाचे बंध हलवावे लागतात, पार्लरमध्ये केस पर्म करतात तसे रसायनांनी किंवा भरपूर वाफेने. गेल्या आठवड्यात मावठा पडला, महाराज बाड्याच्या चौकातून घरी येईपर्यंत शाल चिंब, आणि वाळली तेव्हा चार बोटं आत गेली होती. परत गादीवर ताणून लावलीय, या वेळी टाचण्या काकूंनी लावल्या.