हेगने कुलभूषण जाधवांची फाशी रद्द केली नव्हती

कुलभूषण जाधव या भारतीयाला पाकिस्तानच्या लष्करी कोर्टाने हेरगिरीच्या आरोपावरून फाशी सुनावली होती. ‘आंतरराष्ट्रीय न्यायालयाने जाधवांची फाशी रद्द केली’ हे वाक्य १७ जुलै २०१९च्या निकालापासून फिरतंय. ते चुकीचं आहे. शिक्षा रद्द करा, सुटका करा, मायदेशी पाठवा, या भारताच्या मागण्या न्यायालयाने फेटाळल्या होत्या.

तरीही भारत जिंकला, आणि कसा ते समजून घेण्यासारखं आहे. हेगचं हे न्यायालय पाकिस्तानी लष्करी कोर्टावरचं अपील कोर्ट नव्हे. त्याला या प्रकरणात अधिकार मिळाला तो फक्त १९६३च्या व्हिएन्ना कराराच्या, म्हणजे परदेशातल्या वकिलातींचे हक्क आणि कामं ठरवणाऱ्या कराराच्या, वादांपुरता. जाधव दोषी की निर्दोष, हा प्रश्न तिथे नव्हताच. प्रश्न होता कलम ३६चा: परदेशी माणसाला पकडलं की त्याला त्याचे हक्क विनाविलंब सांगायचे, त्याच्या दूतावासाला कळवायचं, अधिकाऱ्यांना भेटू द्यायचं. पाकिस्तानच्याच सांगण्यानुसार अटक ३ मार्च २०१६ची. भारताला कळवलं २५ मार्चला. भेट तर नाकारलीच. हेराला हा हक्क नसतो, हा पाकिस्तानचा युक्तिवाद टिकला नाही. माझ्या मते निकालाचा सगळ्यात मोलाचा भाग हाच, कारण उद्या परदेशात अडकलेल्या कुणालाही तो उपयोगी पडेल.

निकाल १५ विरुद्ध १. विरोधातलं एकमेव मत पाकिस्तानने नेमलेल्या तदर्थ, म्हणजे फक्त या खटल्यापुरत्या, न्यायाधीशांचं. आदेश असा, की दूतावासाला भेटू द्या, शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करा आणि तोवर फाशी देऊ नका. त्या फेरविचारासाठी पाकिस्तानने २०२०मध्ये अध्यादेश काढला, २०२१मध्ये कायदा केला.