जुनी गाणी मागे का पडत नाहीत?

अमेरिकेतील संगीताच्या खपाची मोजदाद करणाऱ्या, आता ल्युमिनेट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेच्या २०२१ सालच्या अहवालातील एका आकड्याची बरीच चर्चा झाली. त्या वर्षी तेथे ऐकल्या आणि विकल्या गेलेल्या संगीतापैकी जवळपास ७० टक्के संगीत ‘जुने’ होते. प्रकाशित होऊन अठरा महिने उलटले की या हिशेबात गाणे जुने ठरते, त्यामुळे दोन वर्षांपूर्वी गाजलेले गाणेही त्यात येते आणि सारे जग साठ-सत्तरच्या दशकात परतले असे समजणे घाईचे होईल. तरीही नव्या गाण्यांचा पुरवठा पूर्वी कधी नव्हता इतका वाढला असताना ऐकणाऱ्यांचा कल ओळखीच्या गाण्यांकडे आहे, हे नाकारता येत नाही. व्यापाऱ्यांनी तो केव्हाच हेरला. अमेरिकी गायक-गीतकार बॉब डिलन यांनी २०२० मध्ये आपल्या गीतांचे हक्क युनिव्हर्सल या संगीत कंपनीला विकले, तर ब्रूस स्प्रिंगस्टीन यांनी २०२१ मध्ये सोनीला. आपल्याकडे सारेगामाने २०१७ मध्ये पाच हजार जुनी गाणी आधीच भरून ठेवलेला ‘कारवाँ’ हा रेडिओसारखा दिसणारा संच काढला आणि तीच गाणी मोबाइलवर सहज मिळत असतानाही लोकांनी तो विकत घेतला.

याचे सर्वांत सोपे स्पष्टीकरण म्हणजे पूर्वीची गाणी सरसच होती. त्यात अगदीच तथ्य नाही असे नाही. स्पेनमधील जोआन सेर्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५५ ते २०१० या काळातील साडेचार लाखांहून अधिक पाश्चात्त्य लोकप्रिय गाण्यांचे संगणकीय विश्लेषण करून २०१२ मध्ये असे दाखवले की, एका स्वरसमूहाकडून दुसऱ्याकडे जाण्याच्या वाटांमधील वैविध्य कमी होत गेले, ध्वनीचा पोत एकसारखा होत गेला आणि ध्वनिमुद्रणाच्या आवाजाची पातळी मात्र चढत गेली. पण एवढ्यावरून गुणवत्तेचा निवाडा करता येत नाही. वैविध्य कमी असलेले गाणे वाईटच असते असे मानले, तर बहुतेक ओव्या आणि भजने निकालात काढावी लागतील. शिवाय १९५५ सालीही सुमार गाणी ढिगाने निघत होतीच. ती आज कोणी लावत नाही, म्हणून ती आपल्याला ठाऊक नाहीत. काळाने निवडून ठेवलेल्या मोजक्या गाण्यांशी आपण आजच्या न निवडलेल्या सगळ्या गाण्यांची तुलना करतो, तेव्हा निकाल ऐकण्यापूर्वीच ठरलेला असतो.

खरे कारण शोधायचे तर मेंदूकडे वळावे लागते. गाणे कानावर पडत असताना मेंदू पुढच्या सुराचा आणि पुढच्या मात्रेचा अंदाज बांधत असतो; तबलजीची तिहाई सुरू झाली की सम येण्याआधीच श्रोत्यांच्या माना हलू लागतात, त्या याच अंदाजामुळे. माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातील व्हॅलोरी सालिमपूर, रॉबर्ट झटोरे आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. आवडते संगीत ऐकताना ज्यांच्या अंगावर काटा येतो अशा व्यक्तींच्या मेंदूत डोपामिन हे सुखानुभवाशी निगडित रसायन केव्हा आणि कोठे स्रवते, हे त्यांनी तपासले. उत्कटतेच्या क्षणी ते स्रवले, यात नवल नव्हते. पण तो क्षण जवळ आल्याच्या नुसत्या चाहुलीनेही, काही सेकंद आधीच, मेंदूच्या एका वेगळ्या भागात ते स्रवत होते. इतकी नेमकी चाहूल लागण्यासाठी गाणे आधीपासून ठाऊक असावे लागते, आणि नव्या गाण्याची अडचण नेमकी येथेच आहे. त्याच वर्षी पोर्तुगालमधील संशोधकांच्या एका अभ्यासात तर भावनांशी निगडित मेंदूभागांच्या सक्रियतेवर आवडीपेक्षा ओळखीचाच परिणाम मोठा असल्याचे दिसले.

केवळ वारंवार सामोरे आल्यामुळे एखादी गोष्ट आवडू लागते, हे रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ मध्ये निरर्थक शब्द, अनोळखी चिनी अक्षरे आणि चेहऱ्यांची छायाचित्रे वापरून दाखवले होते. संगीतात याला एक मर्यादा पडते: ऐकण्याच्या फेऱ्या वाढतात तशी आवड वाढते, पण अति झाल्यावर ती उतरू लागते. लग्नसराईत सतत वाजणारे गाणे नकोसे होते ते त्यामुळे. काही वर्षे ते कानावर पडले नाही की कंटाळा ओसरतो, ओळख मात्र पुसली जात नाही. जुन्या गाण्याला या दोहोंचा लाभ मिळतो, असे मला वाटते.

वयाचा मुद्दाही महत्त्वाचा आहे. मॉरिस होलब्रुक आणि रॉबर्ट शिंडलर यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १६ ते ८६ वर्षे वयाच्या १०८ जणांना वेगवेगळ्या वर्षांतील २८ गाण्यांचे तुकडे ऐकवले, तेव्हा स्वतःच्या वयाच्या साधारण चोविसाव्या वर्षी गाजत असलेल्या गाण्यांना लोकांची पसंती सर्वाधिक मिळाली. आत्मचरित्रात्मक स्मृतींच्या अभ्यासातही दहा ते तीस या वयातील आठवणी उतारवयात इतर काळापेक्षा अधिक संख्येने वर येतात. ओळखीचे गाणे आणि स्वतःच्या आयुष्यातील आठवण यांची सांगड कपाळामागच्या मेंदूभागात कशी पडते, हे कॅलिफोर्नियातील पेत्र जनाटा यांनी २००९ मध्ये दाखवले. साठी ओलांडलेल्या माणसाला त्याच्या कॉलेजच्या दिवसांतील गाणी का हवीहवीशी वाटतात, याचा उलगडा एवढ्याने होतो.

पण आज विशीत असलेली मुलेही जुनी गाणी ऐकतात आणि ती गाणी गाजत होती तेव्हा त्यांचा जन्मही झालेला नव्हता. कॉर्नेल विद्यापीठातील कॅरोल क्रमहान्सल आणि जस्टिन झुपनिक यांनी विशीच्या आसपासच्या ६२ विद्यार्थ्यांना १९५५ ते २००९ या काळातील गाजलेल्या गाण्यांचे तुकडे ऐकवले आणि त्यांच्याशी कोणत्या आठवणी जोडलेल्या आहेत, हे विचारले. अलीकडच्या गाण्यांशी त्या अधिक असणार, हे उघड होते. परंतु मागे जाताना आठवणींचा आलेख सरळ उतरत न जाता १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धाशी पुन्हा वर चढला. त्यांचे आईवडील तेव्हा तरुण होते! त्याहून मागे, साठच्या दशकाशी, आणखी एक उंचवटा दिसला. तो आजीआजोबांमुळे असू शकतो किंवा त्या दशकातील गाण्यांच्या स्वतःच्या बळामुळे. घरात, गाडीत किंवा स्वयंपाकघरात आईवडिलांनी लावलेली गाणी मुलांच्या बालपणाचाच भाग होतात आणि स्मृती अशा रीतीने पिढी ओलांडते.

न्यूयॉर्क विद्यापीठातील पास्कल वॉलिश आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेले निष्कर्ष याहून विचार करायला लावणारे आहेत. साडेसहाशेच्या आसपास व्यक्तींना, ज्यांत बहुतेक तरुण होते, १९४० ते २०१५ या काळात अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचलेली गाणी ओळखायला सांगण्यात आली. २०१५ पासून २००० पर्यंत मागे जाताना ओळख झपाट्याने घसरली. त्यानंतर मात्र ती थांबली: १९६० ते १९९९ या चाळीस वर्षांच्या पट्ट्यात ती जवळपास स्थिर राहिली आणि त्यापूर्वीच्या गाण्यांबाबत पुन्हा हळूहळू खाली गेली. म्हणजे एखादे गाणे किती जुने, यापेक्षा ते कोणत्या काळातील, हे अधिक निर्णायक ठरत होते.

या पट्ट्याचे रहस्य प्रसाराच्या साधनांमध्ये असावे, असे मला वाटते. केंद्रे थोडी, ऐकणारे अफाट आणि निवड दुसऱ्या कोणीतरी केलेली, अशा व्यवस्थेत तेच गाणे त्याच आठवड्यात लक्षावधी कानांवर पडत असे. भारतातील उदाहरण घ्यावयाचे तर नभोवाणीमंत्री बाळकृष्ण केसकर यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवर चित्रपटसंगीताला जागा उरली नाही, तेव्हा १९५२ पासून अमीन सयानी यांची गीतमाला ऐकण्यासाठी श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. पुढे ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू करून सरकारला हा श्रोतृवर्ग परत मिळवावा लागला. पुणे आकाशवाणीने १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर प्रसारित केलेल्या गीतरामायणाची रचनाही परिचय रुजवण्यासाठी जणू मुद्दाम योजली असावी अशी होती: ५६ गीते, आठवड्याला एक नवे गीत आणि त्याच आठवड्यात त्याचे पुनःप्रसारण. माडगूळकर आणि फडके यांच्या प्रतिभेचे मोल त्यामुळे तसूभरही कमी होत नाही. पण ती प्रतिभा प्रत्येक घरात एकाच वेळी आणि वारंवार पोहोचली, हेही तितकेच खरे.

इतरांच्या ऐकण्याचा आपल्या आवडीवर किती परिणाम होतो, हे मॅथ्यू साल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांच्या २००६ सालच्या प्रयोगातून दिसते. १४ हजारांहून अधिक लोकांपुढे अनोळखी गायकवृंदांची ४८ गाणी ठेवण्यात आली. काहींनी ती स्वतंत्रपणे निवडली. उरलेल्यांना आठ वेगळ्या गटांत विभागून, आपल्या गटातील कोणते गाणे किती जणांनी उतरवून घेतले हे दाखवण्यात आले. आकडे दिसताच लोकप्रिय आणि अप्रिय गाण्यांतील दरी वाढली, आणि तीच गाणी असूनही वेगवेगळ्या गटांत वेगवेगळी गाणी वर आली. फार चांगली गाणी सहसा तळाला गेली नाहीत, फार वाईट गाणी सहसा वर आली नाहीत. मधल्या सगळ्यांचे नशीब मात्र सुरुवातीच्या गर्दीने ठरवले.

आजच्या नव्या गाण्याला अशी एकत्रित गर्दी क्वचितच लाभते, कारण प्रत्येकाच्या कानात वेगळे गाणे वाजत असते आणि एका ऐकण्यात मनात न भरलेले गाणे अंगठ्याच्या एका हालचालीने पुढे ढकलले जाते. गर्दी जमते तेव्हा तिचा लाभ कधीकधी जुन्याच गाण्याला होतो. ब्रिटिश गायिका केट बुश यांचे १९८५ सालचे एक गाणे दूरचित्रवाणी मालिकेत वापरले गेल्यामुळे २०२२ मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचले, आणि तेव्हा त्याच्या अनेक तरुण श्रोत्यांच्या लेखी ते नवेच होते.

परिचयाच्या सामूहिकतेचा हा तर्क बरोबर असेल, तर त्याची कसोटी लावता येईल. २००० नंतरच्या गाण्यांची ओळख घसरत घसरत १९६० ते १९९९ च्या पातळीवर येऊन थांबली, तर साधनांच्या बदलाला मी दिलेले महत्त्व अवाजवी ठरेल. ती त्याहून खाली गेली, तर विखुरलेल्या ऐकण्याचा तो परिणाम मानावा लागेल. त्यासाठी न्यूयॉर्कमधील चाचणी आज प्राथमिक शाळेत असलेल्या मुलांवर, ती विशीत आल्यानंतर, पुन्हा घ्यावी लागेल.