हिपॅटायटिस ई

हिपॅटायटिस ई हा मुख्यतः दूषित पाण्यातून पसरणारा यकृताचा विषाणुजन्य दाह आहे. बोलण्यात त्याला सरसकट ‘कावीळ’ म्हटले जाते. पण कावीळ हे लक्षण आहे आणि ते इतरही अनेक विकारांत दिसते. रोग्याच्या विष्ठेतील विषाणू पाण्यावाटे दुसऱ्याच्या पोटात जातो, यकृतात वाढतो आणि पित्ताबरोबर आतड्यात उतरून पुन्हा बाहेर पडतो. लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत २ ते १० आठवडे, बहुधा ५ ते ६ आठवडे जातात. त्यामुळे साथ लक्षात येते तोवर ती पसरवणारे पाणी केव्हाच पिऊन संपलेले असते, आणि त्या दिवशी घेतलेला नमुना शुद्ध निघाला तरी त्यावरून फारसे काही सिद्ध होत नाही.

दिल्लीत १९५५-५६ मध्ये यमुनेतून घेतल्या जाणाऱ्या पाण्यात मैलापाणी मिसळले आणि सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. क्लोरीनची मात्रा वाढवलेली असल्याने विषमज्वराचे रोगी वाढले नाहीत, पण विषाणू मात्र तग धरून राहिला. ही साथ हिपॅटायटिस ए ची, म्हणजे दूषित पाण्यातूनच पसरणाऱ्या पण वेगळ्या विषाणूमुळे होणाऱ्या यकृतदाहाची, समजली गेली होती. जपून ठेवलेल्या रक्तद्रवाच्या नमुन्यांची १९८० च्या सुमारास फेरतपासणी झाली, तेव्हा तो समज चुकीचा ठरला. पुढे १९८३ मध्ये सोव्हिएत शास्त्रज्ञ मिखाईल बालायान यांनी रोग्यांच्या विष्ठेचा अर्क स्वतः पिऊन आजार ओढवून घेतला आणि आपल्याच विष्ठेत विषाणूचे कण दाखवून दिले.

आरंभी ताप, मळमळ आणि अन्नावरची वासना उडणे, मग गडद लघवी आणि डोळ्यांच्या पांढऱ्या भागावर पिवळेपणा, असा क्रम असतो. निदान रक्तातील आयजीएम प्रतिपिंडांवरून (नव्या संसर्गात शरीर आधी तयार करते त्या संरक्षक प्रथिनांवरून) होते. बहुतेक रोगी काही आठवड्यांत आपोआप बरे होतात, आणि म्हणूनच काविळीवरच्या कोणत्याही औषधाला आयते यश मिळते. गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत मात्र हा रोग घातक ठरतो: यकृत अचानक निकामी होऊन २० ते २५ टक्के स्त्रिया दगावू शकतात. अशा स्त्रीला कावीळ दिसताच रुग्णालयात हलवावे.

प्रतिबंधाचा खरा प्रश्न जमिनीखाली असतो. मैलावाहिनीशेजारून गेलेल्या जलवाहिनीला तडा असला आणि पाणी ठरावीक वेळीच सुटत असले, तर पुरवठा बंद असताना नळीतला दाब उतरतो आणि भोवतालची घाण आत ओढली जाते. गढूळ पाण्यात गाळाच्या कणांआड विषाणू क्लोरीनपासून बचावतो. म्हणून पाणी आधी निवळून व गाळून घ्यावे लागते. घरी पाणी खळखळून उकळणे सर्वांत भरवशाचे. शौचानंतर आणि स्वयंपाकापूर्वी साबणाने हात धुणेही आवश्यक आहे. विषाणूचे काही प्रकार डुकराच्या अर्धकच्च्या मांसातूनही येतात.

चीनमध्ये २०११ साली या रोगावरील लशीला मंजुरी मिळाली. साथ आटोक्यात आणण्यासाठी तिचा पहिला वापर २०२२ मध्ये दक्षिण सुदानमधील बेंटिऊ येथील विस्थापितांच्या छावणीत झाला. गरोदर स्त्रियांनाही ती तेथे देण्यात आली.