सीए फाउंडेशनचा अर्ज: बारावीच्या पेपरांआधी येणारी १ जानेवारी

दर वर्षी बारावीचे पेपर संपले की आमच्या भांडुपच्या सोसायटीत एखादी आई मला जिन्यात गाठते. "ताई, हिला सीए करायचंय. बोर्डाची परीक्षा झाली, आता फॉर्म कधी भरायचा?" मार्च संपत आलेला असतो. मला तिला सांगावं लागतं, की मे-जूनच्या परीक्षेसाठी नोंदणी करायची तारीख जानेवारीतच गेली. मुलगी हुशार असते, पुस्तपालनात तिचा हात धरणारं वर्गात कुणी नसतं, तरी तिला सप्टेंबरपर्यंत थांबावं लागतं. ओळखीच्या मुलांचे हे अर्ज मी बरीच वर्षं भरून देते आहे. मुलं अभ्यासात मागे पडली तर सावरता येतात, तारखेत मागे पडली तर काहीच करता येत नाही. म्हणून आधी तारखांबद्दल.

सीएचा अभ्यासक्रम चालवते ती इन्स्टिट्यूट ऑफ चार्टर्ड अकाउंटंट्स ऑफ इंडिया. १९४९ च्या कायद्यानं स्थापन झालेल्या या संस्थेला सगळे नुसतं 'इन्स्टिट्यूट' म्हणतात. पहिली पायरी फाउंडेशन. ही परीक्षा आता वर्षातून तीनदा होते: जानेवारी, मे-जून आणि सप्टेंबर. परीक्षेला बसण्याआधी नोंदणी होऊन चार महिने झालेले असावे लागतात. त्यामुळे मे-जूनसाठी १ जानेवारीपर्यंत, सप्टेंबरसाठी १ मेपर्यंत आणि जानेवारीसाठी १ सप्टेंबरपर्यंत नोंदणी झालेली हवी.

बहुतेक घरांत गैरसमज होतो तो इथेच. "बारावीचा निकाल लागल्याशिवाय नोंदणी कशी होणार?" असं पालकांना वाटतं, आणि ते साहजिक आहे, कारण आपल्याकडच्या बाकीच्या सगळ्या प्रवेशांना निकाल लागतो. सीएचं तसं नाही. दहावी उत्तीर्ण झालेला कुणीही फाउंडेशनला तात्पुरती नोंदणी करू शकतो. बारावीची परीक्षा दिली, की निकालाची वाट न पाहता फाउंडेशनच्या परीक्षेला बसता येतं. म्हणजे अकरावीच्या सुट्टीत किंवा बारावीच्या दिवाळीत शांतपणे नोंदणी करायची, फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्ड, आणि मे-जूनमध्ये फाउंडेशन. पुढची पायरी चढायची तर अर्थात बारावी उत्तीर्ण असणं आवश्यक आहे.

एक तारीख हुकली तर नुकसान किती, हेही बघा. मे-जूनला फाउंडेशन उत्तीर्ण झालं, की निकालानंतर १ सप्टेंबरच्या आत इंटरमिजिएटला, म्हणजे पुढच्या पायरीला, नोंदणी करून, आठ महिन्यांचा अभ्यास संपवून पुढच्या मे महिन्यात इंटरला बसता येतं. फाउंडेशन सप्टेंबरवर गेली, की इंटरही मेवरून सप्टेंबरवर जाते. घरात मिळवणारं एकच माणूस असेल तर हे चार महिने जड असतात.

शाखेची अट नाही. कॉमर्सबरोबर सायन्स आणि आर्ट्सचे विद्यार्थीही बसू शकतात. आर्ट्सच्या मुलांनी गणिताचा अंदाज आधी घ्यावा, एवढंच माझं म्हणणं. ज्यांची पदवी झाली आहे त्यांना मात्र फाउंडेशन द्यावीच लागत नाही: कॉमर्स पदवीला किमान ५५ टक्के, इतर पदवीला ६० टक्के असतील तर थेट इंटरमिजिएटला प्रवेश मिळतो. बी.कॉम. झालेली मुलंसुद्धा फाउंडेशनच्या क्लासची चौकशी करत आलेली मी पाहिली आहेत. त्यांनी आधी आपली टक्केवारी पाहावी.

कागदपत्रं

कागदपत्रांची यादी छोटी आहे: पासपोर्ट आकाराचा फोटो, सही, जन्मतारखेसाठी दहावीची गुणपत्रिका किंवा बोर्डाचं प्रमाणपत्र, बारावीचं हॉल तिकीट किंवा गुणपत्रिका हाताशी असेल तर तेही, आणि ओळखीसाठी आधार. अनुसूचित जाती, जमाती किंवा ओबीसी असा प्रवर्ग अर्जात लिहिणार असाल तर त्याचा दाखला, आणि दिव्यांग असाल तर त्याचं प्रमाणपत्र. उत्तीर्ण होण्याचे गुण सगळ्यांना सारखेच आहेत, पण इन्स्टिट्यूटच्या शिष्यवृत्त्यांसाठी पुढे हा दाखला उपयोगी पडतो, म्हणून असेल तर जोडा. गुणपत्रिकांच्या प्रती मुख्याध्यापक, राजपत्रित अधिकारी किंवा एखादे सीए सभासद यांच्याकडून साक्षांकित करून घ्या. ज्युनिअर कॉलेजला दिवाळीची किंवा नाताळची सुट्टी लागण्याआधी ते काम उरका, कारण सुट्टीत सही करायला कुणी सापडत नाही.

खरा घोळ होतो तो नावाचा. आपल्या राज्य मंडळाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असतं, मग मुलाचं नाव, मग वडिलांचं. आधार कार्डावर बहुतेकदा मुलाचं नाव आधी आणि आडनाव शेवटी. त्यात कुठे वडिलांचं नाव गायब, कुठे 'राव' जोडलेलं, कुठे आडनावाच्या स्पेलिंगमध्ये एक ए जास्त. अर्जात नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव यांचे रकाने वेगळे असतात. मुलं गुणपत्रिका समोर ठेवून डावीकडून उजवीकडे उतरवत जातात, आणि आडनाव नावाच्या रकान्यात जाऊन बसतं. मी स्वतः एका मुलाच्या अर्जात ही चूक केली होती. ती निस्तरण्यात त्याचे अभ्यासाचे किती दिवस गेले ते आठवलं की अजून वाईट वाटतं. तेव्हापासून माझा नियम असा: अर्जाला बसण्याआधी दहावीची गुणपत्रिका, आधार आणि आलेलं असेल तर बारावीचं हॉल तिकीट ही कागदं टेबलावर शेजारी शेजारी ठेवायची आणि नाव अक्षर अक्षर लावून वाचायचं. दहावीच्या कागदाला प्रमाण मानायचं. आधारमध्ये फरक असेल तर आधार दुरुस्त करून घेणं सोपं. दहावीच्या गुणपत्रिकेतच चूक असेल तर शाळेमार्फत वाशीच्या विभागीय मंडळाकडे अर्ज करावा लागतो. त्याला वेळ लागतो, म्हणून ते दहावीच्या सुट्टीतच करा.

आणखी एक गोष्ट मी प्रत्येक घरी सांगते. मोबाइल नंबर आणि ई-मेल विद्यार्थ्याचा स्वतःचा द्या. झेरॉक्सच्या दुकानात किंवा सायबर कॅफेत अर्ज भरताना तिथल्या दादांचा ई-मेल टाकून मोकळी झालेली मुलं असतात. पुढे ओटीपी, अ‍ॅडमिट कार्डाची सूचना, निकाल, सगळं त्याच पत्त्यावर जातं.

नोंदणी आणि परीक्षेचा अर्ज या दोन वेगळ्या गोष्टी

नोंदणी इन्स्टिट्यूटच्या सेल्फ सर्व्हिस पोर्टलवर होते. आधी खातं उघडायचं, मग फाउंडेशनचा अर्ज निवडायचा, कागदपत्रं चढवायची, पैसे ऑनलाइन भरायचे. नोंदणी शुल्क ९,००० रुपये आणि माहितीपुस्तिकेचे २०० रुपये. मासिकांची वर्गणी ऐच्छिक आहे, ती घेतलीच पाहिजे असं नाही. पैसे भरण्याच्या दिवशी पोर्टलवरचा आकडा पुन्हा एकदा पाहा. अर्ज मंजूर झाला की नोंदणी क्रमांक मिळतो. पश्चिम विभागातल्या, म्हणजे आपल्या मुलांचा क्रमांक डब्ल्यूआरओ या अक्षरांनी सुरू होतो. ही नोंदणी ४ वर्षं चालते.

इथे पुष्कळ जण "झालं एकदाचं" म्हणून मोकळे होतात. नाही झालं. परीक्षेचा अर्ज वेगळा असतो. तो परीक्षेच्या साधारण दोन महिने आधी ठरावीक दिवसांसाठी खुला होतो, आणि भारतातल्या केंद्रासाठी त्याचं शुल्क १,५०० रुपये आहे. मुदत चुकली तर थोडे दिवस ६०० रुपये विलंब शुल्कासह भरता येतो, त्यानंतर दार बंद. मे-जूनच्या परीक्षेचा हा अर्ज नेमका बारावी बोर्डाच्या पेपरांच्या धामधुमीत येतो. मुलांच्या डोक्यात त्या वेळी दुसरं काही शिरत नाही. आई-वडिलांपैकी एकानं ही तारीख आपल्या कॅलेंडरवर लिहून ठेवावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

याच अर्जात परीक्षेचं शहर आणि माध्यम निवडायचं असतं. माध्यम इंग्रजी किंवा हिंदी, मराठीत पेपर लिहिता येत नाही. मराठी माध्यमातल्या मुलांना हे ऐकून धडकी भरते. पण त्यांनी पुस्तपालन व लेखाकर्म मराठीत शिकलेलं असेल तर पाया पक्का असतो, शब्द तेवढे बदलायचे असतात. रोजकीर्द म्हणजे जर्नल, खतावणी म्हणजे लेजर, तेरीज म्हणजे ट्रायल बॅलन्स, ऋणको म्हणजे डेटर, धनको म्हणजे क्रेडिटर, घसारा म्हणजे डेप्रिसिएशन, ताळेबंद म्हणजे बॅलन्स शीट. वहीच्या शेवटच्या पानांवर असे दीड-दोनशे शब्द समोरासमोर लिहून काढा. माझ्या ओळखीच्या एका मुलीनं हे महिनाभर केलं, आणि तिची इंग्रजी पुस्तकाची भीती गेली.

पेपर आणि गुणांचं गणित

पेपर चार, प्रत्येकी १०० गुणांचे: अकाउंटिंग, बिझनेस लॉज, क्वांटिटेटिव्ह अ‍ॅप्टिट्यूड आणि बिझनेस इकॉनॉमिक्स. ही रचना जून २०२४ च्या परीक्षेपासून लागू आहे. मोठ्या भावंडांची जुनी पुस्तकं वापरणार असाल तर जपून: जुन्या दुसऱ्या पेपरातला पत्रव्यवहाराचा आणि चौथ्या पेपरातला व्यावसायिक सामान्यज्ञानाचा भाग आता नाही. पहिले दोन पेपर लेखी, तीन-तीन तासांचे. उरलेले दोन पर्यायी उत्तरांचे, दोन-दोन तासांचे, आणि त्यांत चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जातो.

उत्तीर्ण व्हायला प्रत्येक पेपरात किमान ४० आणि चारही मिळून २०० गुण हवेत. यातली दुसरी अट मुलं विसरतात. समजा कुणाला ६२, ४८, ४१ आणि ४७ मिळाले. एकाही पेपरात नापास नाही, पण बेरीज १९८. दोन गुणांसाठी परीक्षा गेली, आणि पुढच्या वेळी चारही पेपर पुन्हा, कारण इंटरसारखी एखाद्या पेपरातून सूट फाउंडेशनला मिळत नाही. म्हणून "लॉ मध्ये चाळीस आले तरी पुरे" या हिशेबानं अभ्यास करू नका. एखाद्या पेपरात ६०-६५ मिळतील असा आधार तयार ठेवा. कॉमर्सच्या मुलांना तो बहुधा अकाउंटिंगमध्ये सापडतो.

लॉ चं लेखन वेगळ्या वळणाचं असतं. १८७२ चा करार कायदा, १९३० चा माल विक्री कायदा, १९३२ चा भागीदारी कायदा असे मूळ कायदे असतात. बोर्डाच्या सवयीनं मुद्दे पाठ करून उतरवले तर गुण हाती लागत नाहीत. आधी तरतूद, मग दिलेल्या प्रसंगाला ती कशी लागू होते, शेवटी निष्कर्ष. रोज एक प्रसंग असा लिहून काढा, नुसता वाचू नका.

क्लास लावायचा की नाही, हा घराघरातला वाद. दादर-ठाण्याच्या मोठ्या क्लासची फी सगळ्यांना झेपत नाही, आणि ती भरली नाही म्हणून मूल मागे पडतं असं मला अजिबात वाटत नाही. नोंदणी शुल्कात अभ्यास साहित्य मिळतं. तेच साहित्य, शिवाय सराव प्रश्नपत्रिका आणि प्रत्येक परीक्षेआधीचे उजळणी प्रश्नसंच इन्स्टिट्यूटच्या संकेतस्थळावर विनामूल्य आहेत. ऑनलाइन थेट वर्गही विनामूल्य असतात. आधी दोन महिने ते करून बघा, अडतंय तिथेच एखाद्या विषयापुरती शिकवणी लावा.

पोर्टलवर अडचण आलीच तर आपल्याला दिल्लीला जायची गरज नाही. पश्चिम विभागाचं कार्यालय वांद्रे-कुर्ला संकुलात, जी ब्लॉकमधल्या आयसीएआय (इन्स्टिट्यूटच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं) टॉवरमध्ये आहे. जाताना नोंदणीची पावती, दहावीची मूळ गुणपत्रिका आणि चूक दिसणाऱ्या पानाची छापील प्रत सोबत न्या.

परीक्षेचा दिवस

अ‍ॅडमिट कार्ड घरी येत नाही, परीक्षेच्या साधारण दोन आठवडे आधी पोर्टलवरून उतरवून घ्यावं लागतं. पेपर दुपारी २ ला सुरू होतो. कॅल्क्युलेटर चालतो, पण बॅटरीवरचा, आवाज न करणारा, जास्तीत जास्त १२ अंकी, सहा क्रिया आणि दोन मेमरी असलेला. सायंटिफिक नको. तोच कॅल्क्युलेटर पहिल्या दिवसापासून सरावाला वापरा, म्हणजे बोटांना कळा पाठ होतात.

पेपर साधारण एक दिवसाआड असतात आणि कधी कधी त्यातला एखादा रविवारी येतो. २०२५ च्या जानेवारीत पहिलाच पेपर रविवारी, १२ तारखेला होता. रविवार म्हणजे लोकल गाड्यांचा मेगाब्लॉक. आदल्या संध्याकाळी मध्य, पश्चिम आणि हार्बरचं वेळापत्रक बघून ठेवा, केंद्र एकदा आधी जाऊन पाहून या, आणि भांडुप-मुलुंडकडून येणार असाल तर घरातून अकराच्या आत बाहेर पडा.