रिपोर्ट नॉर्मल आला, आता गोळी बंद करायची का?

स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी, घेणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

कोलेस्टेरॉलची गोळी नव्याने सुरू झालेला ग्राहक पहिल्या महिन्यात फारसं काही विचारत नाही. दोन-तीन महिन्यांनी रक्ताचा रिपोर्ट घेऊन येतो, तेव्हा काउंटरवर प्रश्न सुरू होतात. रांग असली की आम्हाला धड उत्तर देता येत नाही, म्हणून हे पत्रक.

तुमच्या चिठ्ठीवर अ‍ॅटोरव्हास्टॅटिन, रोझुव्हास्टॅटिन, सिमव्हास्टॅटिन, प्रॅव्हास्टॅटिन, पिटाव्हास्टॅटिन यांपैकी नाव असेल तर हे तुमच्यासाठी आहे. (नायस्टॅटिन मात्र यात येत नाही. ते बुरशीवरचं औषध, नावापुरतंच भाऊबंद.)

सगळं नॉर्मल आलंय, मग आता गोळी कशाला?

स्वतःहून बंद करू नका. शरीरातलं बहुतेक कोलेस्टेरॉल खाण्यातून येत नाही, ते शरीरच बनवतं, आणि त्यात यकृताचा वाटा मोठा. या कामासाठी लागणाऱ्या एका एन्झाइमला स्टॅटिन अडवतं. यकृताला कोलेस्टेरॉल कमी पडायला लागलं की ते रक्तातलं एलडीएल, म्हणजे ज्याला आपण 'वाईट कोलेस्टेरॉल' म्हणतो ते, जास्त प्रमाणात ओढून घेतं. रिपोर्टातला आकडा उतरतो तो यामुळे. पण गोळी रोज पोटात जातेय तोवरच हे चालतं. थांबवली की काही आठवड्यांत आकडा जुन्या जागी जातो. तुमच्या हातातला रिपोर्ट गोळी चालू असतानाचा आहे, एवढं लक्षात ठेवा.

खरी अडचण अशी की कोलेस्टेरॉल वाढलेलं जाणवत नाही आणि उतरलेलंही जाणवत नाही. डोकेदुखीची गोळी तासाभरात आपलं काम दाखवते. या गोळीचं काम म्हणजे न आलेला हार्ट अ‍ॅटॅक, आणि तो एकट्या माणसाला दिसणार कसा? तो दिसतो हजारोंच्या हिशेबात. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या स्कँडिनेव्हियातल्या एका मोठ्या चाचणीत ४,४४४ हृदयरुग्णांना सुमारे साडेपाच वर्षं पाहिलं गेलं. निम्म्यांना सिमव्हास्टॅटिन दिलं होतं, निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी. बिनऔषधाच्या गटात २५६ जण दगावले, सिमव्हास्टॅटिनच्या गटात १८२. या औषधांवरचा डॉक्टरांचा भरवसा अशा चाचण्यांतून आला आहे.

'नॉर्मल' या शब्दाबद्दलही थोडं. लॅबच्या कागदावर छापलेली मर्यादा सगळ्यांसाठी एकच असते, तुमचं उद्दिष्ट वेगळं असू शकतं. ज्यांना आधी झटका येऊन गेलाय, स्टेंट बसलाय किंवा बायपास झालीय, त्यांचं एलडीएल ७० च्या खाली, पुष्कळदा ५५ च्याही खाली आणायचा डॉक्टरांचा प्रयत्न असतो. तेव्हा ९५ आकड्यापुढे लॅबने काहीच खूण केलेली नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. 'माझा आकडा किती हवा?' हे डॉक्टरांना विचारा आणि फाइलवर लिहून ठेवा.

मग निदान डोस तरी कमी होईल का?

हे विचारण्यात गैर काही नाही. डोस दुप्पट केला म्हणून परिणाम दुप्पट होत नाही. दर दुपटीला एलडीएल साधारण ६ टक्क्यांनी आणखी उतरतं, एवढंच. सर्वात जास्त काम पहिला, लहान डोसच करतो. म्हणून त्रास होत असेल तर स्टॅटिनचा डोस उतरवून सोबत एझेटिमाइबसारखं दुसरं औषध देण्याचा मार्ग डॉक्टरांकडे असतो. निर्णय त्यांचा. घरी गोळी मोडून अर्धी करू नका.

पाय दुखतात. गोळीमुळेच ना?

बंद करण्याचं हे सर्वात मोठं कारण, म्हणून जरा सविस्तर.

स्टॅटिनमुळे स्नायू दुखू शकतात, हे खरं आहे. दुखणं बहुधा दोन्ही बाजूंना असतं, मांड्या, पोटऱ्या किंवा खांदे अशा मोठ्या स्नायूंत, आणि गोळी सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर काही आठवड्यांत सुरू होतं. एकाच गुडघ्यातली कळ किंवा मानेची उसण तिच्या माथी मारण्यात अर्थ नाही.

पण स्टॅटिन घेणाऱ्याचं प्रत्येक दुखणं स्टॅटिनचं नसतं. २०२० साली लंडनमधला एक मजेशीर प्रयोग प्रसिद्ध झाला. त्रास होतो म्हणून स्टॅटिन सोडून दिलेल्या ६० जणांना वर्षभरासाठी १२ बाटल्या दिल्या. चार बाटल्यांत स्टॅटिन, चारांत बिनऔषधाची गोळी, चार रिकाम्या. कोणत्या महिन्यात रिकामी बाटली आहे हे कळत होतं, पण गोळी असेल तेव्हा ती खरी की खोटी हे कळत नव्हतं. रोजच्या त्रासाला त्यांनी शंभरापैकी गुण द्यायचे होते. रिकाम्या महिन्यांत सरासरी ८ गुण आले, स्टॅटिनच्या महिन्यांत १६.३ आणि खोट्या गोळीच्या महिन्यांत १५.४. म्हणजे गोळी घेतोय या जाणिवेनेच त्रास जवळजवळ तितकाच वाढला होता. याचा अर्थ ती माणसं नाटक करत होती असा नाही. दुखणं खरंच होतं, फक्त ते बहुतांशी औषधातून येत नव्हतं. हे आकडे पाहिल्यावर त्यातल्या निम्म्या लोकांनी गोळी पुन्हा सुरू केली.

म्हणून दुखायला लागलं तर परस्पर गोळी सोडू नका, डॉक्टरांना सांगा. ते सीपीके नावाची, स्नायूंना इजा झालीय का हे दाखवणारी रक्ततपासणी करतील, थायरॉइडही पाहतील, कारण थायरॉइड मंद असेल तर कोलेस्टेरॉलही वाढतं आणि स्नायूही दुखतात. गरज पडल्यास काही आठवडे गोळी थांबवून, मग दुसरं स्टॅटिन किंवा कमी डोस देऊन बघतात. एक सोसलं नाही तरी दुसरं सोसण्याची शक्यता चांगली असते.

मात्र वाट पाहत बसायचं नाही असाही एक प्रसंग आहे. स्नायू खूप दुखताहेत, हातापायांतली ताकद गेल्यासारखी वाटते, आणि लघवी चहासारखी गडद होतेय, तर पुढची गोळी घेऊ नका आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. हे फार क्वचित होतं, पण झालं तर मूत्रपिंडावर बेततं.

गोळी रात्रीच घ्यायची का?

अ‍ॅटोरव्हास्टॅटिन आणि रोझुव्हास्टॅटिन रक्तात बराच वेळ टिकतात. त्या सकाळी घ्या, रात्री घ्या, वेळ रोज तीच ठेवा. सिमव्हास्टॅटिनचा असर लवकर ओसरतो आणि यकृत कोलेस्टेरॉल जास्त करून रात्री बनवतं, म्हणून ती संध्याकाळी किंवा झोपताना.

लिव्हर खराब होतं म्हणतात.

सुरू करण्यापूर्वी यकृताची एक तपासणी होते. नंतर दर काही महिन्यांनी ती करत राहायची पूर्वी पद्धत होती. गंभीर इजा इतकी विरळा, की अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २०१२ मध्ये ही नियमित तपासणीची सूचनाच काढून टाकली. डोळे पिवळे दिसले, भूक मेली, फार थकवा आला, तर मात्र लगेच दाखवा.

आणि शुगर?

थोडी वाढते, हे लपवण्यासारखं नाही. एका मोठ्या एकत्रित अभ्यासात २५५ जणांनी चार वर्षं स्टॅटिन घेतल्यावर मधुमेहाचा एक रुग्ण जास्त आढळला. ज्यांची साखर आधीच काठावर असते, त्यांना हा धोका जास्त. पण झटका टाळण्याचा फायदा त्याहून मोठा ठरतो. मधुमेह असलेल्यांनाही डॉक्टर हीच गोळी देतात, ते उगाच नाही.

दुसऱ्या औषधांबरोबर चालते का?

पुष्कळशी चालतात, काही नाहीत, आणि नेमकी तीच औषधं दुसरा एखादा डॉक्टर घशासाठी किंवा बुरशीसाठी लिहून देतो. क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन, इट्राकोनॅझोल यांच्यामुळे सिमव्हास्टॅटिन रक्तात फार साचतं, अ‍ॅटोरव्हास्टॅटिनही वाढतं. अशा वेळी पाच-सात दिवस स्टॅटिन थांबवायचं की अँटिबायोटिक बदलायचं, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा. जेमफायब्रोझिल (रक्तातली चरबी उतरवणारं दुसरं औषध) आणि स्टॅटिन ही जोडीही टाळतात. रक्तदाबासाठी अ‍ॅम्लोडिपिन चालू असेल तर सिमव्हास्टॅटिन २० मिलिग्रॅमच्या वर देत नाहीत. रोझुव्हास्टॅटिन घेणाऱ्यांनी अ‍ॅसिडिटीचं अ‍ॅल्युमिनियम-मॅग्नेशियमचं पातळ औषध त्यानंतर दोन तासांनी घ्यावं. ग्रेपफ्रूटचा रस सिमव्हास्टॅटिनबरोबर नकोच.

'नैसर्गिक' म्हणून मिळणाऱ्या लाल यीस्ट तांदळाच्या कॅप्सूलमध्ये मोनाकोलिन के असतं. ते म्हणजे लोव्हास्टॅटिनच, फक्त किती हे बाटलीवरून कळेलच असं नाही. ती आणि गोळी दोन्ही घेणं म्हणजे नकळत डबल डोस.

गरोदर असाल, राहायचा विचार असेल किंवा बाळ अंगावर पीत असेल, तर गोळी घेण्याआधी डॉक्टरांशी बोला. बहुतेकींना ती थांबवायला सांगतात.

कालची गोळी राहिली, आज दोन घेऊ?

नको. आजची एकच घ्या.

यापेक्षा जास्त काळजी आम्हाला वाटते ती याच्या उलट होणाऱ्या चुकीची. हॉस्पिटलमधून घरी आलेला माणूस तिथली नवी पट्टी सुरू करतो आणि कपाटातली जुनीही चालू ठेवतो. ब्रँड वेगळे, रंग वेगळे, आत औषध तेच. शिवाय काही कॅप्सूलमध्ये स्टॅटिनबरोबर अ‍ॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल (रक्त पातळ ठेवणारी औषधं) एकत्रच असतं, आणि सुटी गोळीही चालूच असते. पट्टीवर ब्रँडचं नाव मोठं आणि औषधाचं बारीक अक्षरात छापलेलं असतं. वाचायचं ते बारीक. अक्षर लागत नसेल तर घरातल्या सगळ्या पट्ट्या, अर्ध्या संपलेल्यासुद्धा, एका पिशवीत घालून चिठ्ठीसकट आमच्याकडे घेऊन या. दुपारी गर्दी कमी असते, एकेक पाहून सांगतो.