सवय झाली की घाम वाढतो

"तुला अजून इथल्या उन्हाची सवय नाही, म्हणून एवढा घाम येतो." उष्ण प्रदेशात नव्याने राहायला आलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यात हे दहा जण तरी ऐकवतात. मलाही ऐकवलं. हेतू चांगला असतो, पण गोष्ट नेमकी उलटी आहे. उन्हाला सरावलेल्या माणसाला घाम लवकर सुटतो आणि जास्तही येतो.

माझा पुरावा शर्टाच्या पाठीवर होता. बदली झाल्यावर सुरुवातीला संध्याकाळी काळा शर्ट काढला की पाठीवर मिठाचे पांढरे नकाशे उमटलेले असत. दोनेक आठवड्यांनी शर्ट आधीपेक्षा जास्त भिजू लागला, नकाशे मात्र पुसट झाले. पाणी जास्त, मीठ कमी.

ही करामत घर्मग्रंथीच्या नळीची. आपल्या त्वचेत अशा २० ते ४० लाख ग्रंथी असतात. प्रत्येकीच्या तळाशी एक गुंडाळी आणि तिथून त्वचेच्या पृष्ठभागापर्यंत जाणारी नळी. गुंडाळीत तयार होणारा द्रव रक्तद्रवाइतकाच खारट असतो. तो नळीतून वर चढताना नळीच्या भिंती त्यातलं सोडियम आणि क्लोराइड परत शोषून घेतात. पाण्याला मात्र त्या भिंतीतून सहजी परतता येत नाही. त्यामुळे बाहेर पडणारा घाम रक्तापेक्षा बराच अळणी असतो.

अडचण वेगाची आहे. घाम भराभर वाहू लागला की भिंतींना मीठ वेचायला वेळच पुरत नाही, आणि घाम खारट होतो. नवख्याचं मीठ असं वाया जातं. मग मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क (ॲड्रिनल) ग्रंथींमधून आल्डोस्टेरॉन हे संप्रेरक जास्त स्रवतं आणि नळीतल्या पेशींची सोडियम ओढून घेण्याची क्षमता वाढवतं. तेवढ्याच वेगाने वाहणाऱ्या घामातून आता अधिक मीठ वाचतं.

या नळीत क्लोराइडसाठी 'सीएफटीआर' नावाच्या प्रथिनाची वाट असते. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजारात ती बिघडलेली असते. न्यूयॉर्कमधल्या उष्णतेच्या लाटेत कोसळलेल्या मुलांमध्ये या आजाराची मुलं बरीच आढळली. त्या धाग्यावरून बालरोगतज्ज्ञ पॉल दी सांताग्नेसे आणि सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये दाखवलं की या मुलांचा घाम फार खारट असतो. आजही या आजाराच्या निदानासाठी घामातलं क्लोराइड मोजतात. केसाहून बारीक नळीतला हा बिघाड उकाड्याने उघडा पाडला!

वाचलेलं मीठ जातं कुठे? रक्तातच राहतं आणि पाणी धरून ठेवतं. पहिल्या काही दिवसांतच रक्तद्रवाचं प्रमाण वाढतं, त्यामुळे तेवढ्याच श्रमासाठी हृदयाला कमी ठोके द्यावे लागतात. बहुतेक बदल एक-दोन आठवड्यांत होतात, पण उन्हात थोडंफार हिंडलं-फिरलं तरच. दिवसभर एसीत बसून शरीर सरावत नाही.

घामावाटे 'विषं' बाहेर पडतात असं सांगून घाम गाळण्याची पॅकेजेस विकणारे भेटले, तर त्यांना यकृत आणि मूत्रपिंडं कशासाठी असतात ते विचारावं. घामाचं मुख्य काम एकच, वाळणं. एक लिटर घाम त्वचेवर वाळताना सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. टपकून जमिनीवर पडलेला थेंब मात्र फुकट. म्हणूनच दमट हवेत सराव असूनही निभाव लागणं कठीण.

हा सराव टिकाऊही नाही. गारव्यात काही आठवडे काढले की तो ओसरतो. अमेरिकेतल्या 'नायॉश' या कामगार-आरोग्य संस्थेची शिफारस म्हणूनच दुहेरी आहे. उष्ण जागी नव्या कामगाराने पहिल्या दिवशी नेहमीच्या कामाच्या २० टक्केच वेळ उन्हात काढावा आणि रोज फार तर तेवढीच वाढ करावी. आणि सुट्टीवरून परतलेल्या जुन्याजाणत्या कामगारालाही पहिल्या दिवशी ५० टक्क्यांवर थांबवावं.