एकाच नावाची दोन इंजिनं: बीएमडब्ल्यू ७४५आय

पहिल्या पिढीच्या सेव्हन सिरीजमधल्या ७४५आयचा विषय निघाला की एक जण म्हणतो ती टर्बो, दुसरा छातीठोकपणे सांगतो टर्बो नव्हताच. दोघंही बरोबर असतात. नाव एक, गाड्या दोन.

१९८० साली युरोपात आलेली ७४५आय टर्बोवाली. एका रांगेत सहा सिलिंडर, ३२१० सीसी, २५२ अश्वशक्ती. मग ४५ कुठून आलं? टर्बोवाल्या इंजिनाची क्षमता १.४ पट धरायची, हा तेव्हाचा रेसिंगमधला हिशेब. ३.२ला १.४ने गुणलं की जवळपास ४.५ लिटर. टर्बो हवा दाबून सिलिंडरमध्ये भरतो. दाबलेली हवा तापते आणि मिश्रण अवेळी पेटून नॉकिंग सुरू होतं, म्हणून कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबलं जातं तो आकडा, ७ वर उतरवावा लागला. त्यामुळे टर्बो जागा होईपर्यंत गाडी सुस्त. पण एकदा तो फिरला की २६०० आरपीएमलाच ३८० न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर! पुढे ३४३० सीसीचं इंजिन आलं. कॉम्प्रेशन वाढवलं, टर्बोचा दाब कमी केला, ताकद २५२च ठेवली. पिकअप सुधारला. गुणाकाराप्रमाणे गाडी आता ७४८ व्हायला हवी होती, पण तेवढं कोण बघतं.

दक्षिण आफ्रिकेत वाहनं आपल्यासारखीच डावीकडून चालतात, म्हणजे स्टिअरिंग उजवीकडे. इंजिनाच्या नेमक्या त्याच बाजूला टर्बो होता, त्यामुळे स्टिअरिंगच्या दांड्याला जागाच उरेना. तिथल्या बीएमडब्ल्यूने टर्बो सोडून थेट एम१ स्पोर्ट्स कारच्या घराण्यातलं इंजिन उचललं: ३४५३ सीसी, २४ व्हॉल्व्ह, प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र थ्रॉटल (हवा आत सोडणारी झडप), २८६ अश्वशक्ती. बीएमडब्ल्यूच्याच एम५ या वेगवान सलूनच्या पहिल्या पिढीतही हेच आहे. १९८४ ते १९८६ दरम्यान अशा २०९ गाड्या झाल्या. कॉम्प्रेशन इथे १०.५, टॉर्क ३४० न्यूटन मीटर, तोही ४५०० आरपीएमला. म्हणजे जोर हवा तर इंजिन वर न्यायलाच हवं. आणि नावातल्या ४५चा इथे कशाशीच मेळ बसत नाही.

संग्राहक आफ्रिकेच्या गाडीमागे धावतात ते समजू शकतं. इंजिन म्हणून ते अव्वलच आहे. पण मागच्या सीटवर साहेब बसणारी, ऑटोमॅटिक गिअरची ही जड सलून. तिला खालच्या आरपीएमला मिळणारा टर्बोचा जोरच जास्त शोभतो, असं माझं मत.

फोटोवरून ओळखायचं तर स्टिअरिंग बघा. टर्बोवाली फक्त डाव्या स्टिअरिंगची बनली. उजवं दिसलं तर टर्बो नक्की नाही. मात्र तेवढ्यावरून २०९पैकी एक सापडली असंही समजू नका. याच सिरीजमधल्या ७३५आयवर ७४५चा बिल्ला चिकटवायला कितीसा वेळ लागतो?